बारावे छायाचित्र

छंद जडतो तेव्हा तो आपल्याला कोठवर नेणार आहे, याची माणसाला कल्पना नसते. मला निसर्गाची छायाचित्रे काढण्याचा छंद जडला, तो वयाच्या पंचविसाव्या वर्षी. मी त्या वेळी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवीत होतो. पगार बेताचाच होता. पण एका परिचिताने आपला जुना कॅमेरा स्वस्तात विकायला काढला आणि मी तो घेतला.

तो कॅमेरा म्हणजे काळ्या रंगाचा एक साधा डबा होता. त्यात एक रोल भरला की बारा छायाचित्रे निघत. भिंगाजवळ एक लहानसा काटा असे. तो एका बाजूला सरकवला की सूर्याच्या चिन्हावर येई आणि दुसऱ्या बाजूला सरकवला की ढगाच्या चिन्हावर. काटा ढगावर असला म्हणजे प्रकाशाची वाट मोठी होई आणि मळभाच्या दिवशीही फिल्मवर पुरेसा उजेड पडे. एवढेच त्या यंत्राचे शास्त्र. फिल्म मी कृष्णधवल वापरीत असे. रंगीत फिल्म आणि तिची धुलाई मला परवडण्यासारखी नव्हती. आज तुम्ही मोबाइलवर घटकाभरात शंभर छायाचित्रे काढता व त्यांतील नव्वद पुसून टाकता. आम्हाला मात्र प्रत्येक वेळी खटका दाबण्यापूर्वी दहादा विचार करावा लागे.

माणसाचे छायाचित्र काढणे त्या मानाने सोपे. त्याला ‘जरा इकडे बसा’, ‘मान वर करा’ असे सांगता येते. डोंगराला असे काही सांगता येत नाही. डोंगर जागचा हलत नाही हे खरे, पण त्याच्यावरचा उजेड क्षणाक्षणाला हलत असतो. त्यातही पावसाळ्यातला सह्याद्री म्हणजे लहरी राजाच! समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे कोकणची सपाटी ओलांडून या उभ्या भिंतीवर आदळतात. पुढे जायला वाट नाही म्हणून ते वर चढतात. वर चढता चढता ते थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचे ढग व धुके बनते. त्यामुळे एका खिंडीत पाऊस कोसळत असतो, शेजारच्या माथ्यावर ऊन पडलेले असते आणि घाटमाथ्यापासून थोडे पूर्वेला गेले की रस्त्यावर धूळ उडत असते. अशा प्रदेशात कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने घड्याळ घरी ठेवावे आणि धीर तेवढा बरोबर घ्यावा. ही गोष्ट मला शिकायला बरीच वर्षे लागली.

त्या दिवसांत माझ्या मनाने एका गोष्टीचा ध्यास घेतला होता. ती गोष्ट म्हणजे हरिश्चंद्रगडावरचे इंद्रवज्र. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर एक निबंध लिहिला असून तो १८३५ साली प्रसिद्ध झाला आहे. या गडाच्या कड्यावर उभे असताना खालच्या धुक्यात आपल्याला संपूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसले आणि त्याच्या मध्यभागी आपली, घोड्याची व बरोबरच्या माणसांची सावली होती, असे त्याने त्यात नमूद केले आहे. हे वर्णन माझ्या वाचनात आले आणि मी मनाशी ठरवले, की या इंद्रवज्राचे छायाचित्र आपण काढायचेच.

१९८४ सालच्या सप्टेंबर महिन्याचा तो अखेरचा आठवडा होता. चार दिवसांची रजा काढून मी निघालो. कल्याणहून माळशेज घाट चढून आलेल्या एस. टी.ने मला खुबी फाट्यावर सोडले, तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. कॅमेरा मी तेलकागदात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला होता. चिखल तुडवीत खिरेश्वर गाव गाठले आणि एका घराच्या ओसरीवर आसरा घेतला. त्या घरचा कर्ता पुरुष चाळिशीचा होता. गडाच्या वाटा त्याला तळहातावरच्या रेषांसारख्या ठाऊक होत्या. तो वाटाड्या म्हणून माझ्याबरोबर यायला तयार झाला.

रात्री चुलीपुढे बसून नाचणीची भाकरी आणि ठेचा खात असताना त्याच्या वृद्ध आईने माझ्या पिशवीकडे बोट दाखवून विचारले, “मास्तर, त्यात काय हाय?”

मी कॅमेरा काढून दाखवला. आजींनी तो हातात न घेता नुसताच निरखून पाहिला. मग त्या म्हणाल्या, “माझा एक फोटू काढशील का? थोरला लेक मुंबईला गोदीत हाय. दोन वर्सं झाली, त्याला रजा गावली न्हाई. म्हनतो, आये, तुझा फोटू धाड. आता इथं कोन काढनार?”

बाहेर पाऊस होता आणि घरात चिमणीचा मिणमिणता उजेड. तेवढ्या उजेडात माझ्या कॅमेऱ्याला काहीच दिसले नसते. मी तसे त्यांना समजावून सांगितले आणि म्हणालो, “आजी, गडावरून परत येताना दिवसाउजेडी काढतो. एक छायाचित्र तुमच्यासाठी राखून ठेवतो.”

“मग मी नवं लुगडं नेसून बसते,” आजी म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही गड चढू लागलो. तोलार खिंडीत पोहोचलो तोच ढग फाटले आणि समोरच्या हिरव्या उतारावर उन्हाचा एक पट्टा पडला. मी घाईघाईने कॅमेरा बाहेर काढला. नेम धरीपर्यंत ऊन पुढच्या डोंगरावर निघून गेले. असे तीन वेळा झाले आणि तिन्ही वेळा मी खटका दाबला. पुढे कातळाच्या उभ्या चढणीवर दोन छायाचित्रे गेली. हरिश्चंद्रेश्वराच्या त्या सुंदर दगडी मंदिरापाशी आणखी दोन गेली. दर वेळी भिंगावर पाण्याचे कण बसत. दर वेळी मी धोतराच्या मऊ फडक्याने ते पुसी, आणि पुसून होईपर्यंत नवे कण येऊन बसत. मंदिराजवळच केदारेश्वराची गुहा आहे. तिच्यात कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात भव्य शिवलिंग उभे आहे आणि त्याच्या चार खांबांपैकी आता एकच खांब शाबूत राहिला आहे. तिथल्या अंधारात मात्र मी शहाण्यासारखा कॅमेरा बंद ठेवला. रात्री आम्ही कोरड्या लेण्यात मुक्काम केला.

तिसरा दिवस कोकणकड्यावर गेला. हा गड सुमारे १४२० मीटर उंचीचा आहे आणि त्याची पश्चिमेची बाजू म्हणजेच कोकणकडा. तो सरळ उभा नाही. नागाने फणा उभारावा तसा वरून पुढे झुकलेला आणि आतून पोकळ आहे. त्याच्या काठावर पालथे पडूनच खाली पाहावे लागते. त्या दिवशी खाली पाहण्यासारखे काहीच नव्हते. धुके इतके दाट होते, की माझ्याच हाताची बोटे मला पुसट दिसत होती. मधूनच ते विरळ झाल्याचा भास होई आणि मी खटका दाबी. एकदा कॅमेऱ्यातून पाहत पाहत मी नकळत पुढे सरकलो, तोच वाटाड्याने माझा दंड घट्ट धरला. माझ्यापासून तीन पावलांवर कडा संपत होता.

“गुरुजी,” तो शांतपणे म्हणाला, “वारं कोकणातनं वर चढतंय, तंवर धुकं असंच माथ्यावर येनार. वारं पडलं, म्हंजी धुकं खाली दरीत बसंल. त्याला घाई करून चालत न्हाई.”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पण मी त्या दिवशी घाईच केली. संध्याकाळी मोजून पाहिले, तो अकरा छायाचित्रे संपली होती. उरले होते फक्त बारावे. ते कोणाचे होते, हे मला चांगले ठाऊक होते आणि वाटाड्यालाही ठाऊक होते. त्या विषयी आम्ही दोघेही काही बोललो नाही.

चौथ्या दिवशी पहाटे जाग आली ती शांततेने. वारा पडला होता. आम्ही धावतच कड्यावर गेलो. काय ते दृश्य! माथा स्वच्छ धुऊन काढल्यासारखा दिसत होता. पायाखाली सारे कोकण धुक्याच्या पांढऱ्या समुद्रात बुडाले होते. थोड्याच वेळात पाठीमागून सूर्य वर आला. आमच्या सावल्या लांबच लांब होऊन कड्याबाहेर गेल्या आणि खालच्या धुक्यावर पडल्या. आणि मग माझ्या सावलीच्या मस्तकाभोवती हळूहळू रंग उमटू लागले. आत निळसर, मग हिरवे, पिवळे आणि सर्वांत बाहेर तांबडे असे एक पूर्ण गोल कडे तयार झाले. त्याच्याबाहेर आणखी एक फिकट कडे दिसले. मी हात हलवला. सावलीनेही हात हलवला. कडे मात्र तिच्या मस्तकाभोवती स्थिर राहिले.

“तुमच्या सावलीभोवती किती सुंदर कडे दिसत असेल!” असे म्हणून मी शेजारी उभ्या असलेल्या वाटाड्याच्या सावलीकडे पाहिले. तिच्याभोवती मला काहीच दिसले नाही. तो मात्र म्हणाला, “माझ्या डोस्क्याभवती हाय, गुरुजी. तुमच्या न्हाई.”

मुलांनो, ही मोठी नवलाची गोष्ट आहे, पण तिच्यामागे शास्त्र आहे. इंद्रधनुष्य दिसते ते पावसाच्या मोठ्या थेंबांत शिरून, आत परावर्तित होऊन बाहेर पडणाऱ्या किरणांमुळे. धुक्यातले जलकण त्याहून कितीतरी बारीक असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला मागे वळतो आणि त्याच्या लहरी एकमेकींत मिसळून रंगांची कडी तयार होतात. प्रकाश आल्या वाटेनेच परतत असल्याने ही कडी पाहणाऱ्याच्या स्वतःच्या मस्तकाच्या सावलीभोवतीच दिसतात. दहा माणसे ओळीने उभी राहिली, तरी प्रत्येकाला आपल्याच सावलीला तेजोवलय दिसते, शेजाऱ्याच्या नाही.

हे शास्त्र मला पुढे कळले. त्या क्षणी मला फक्त माझे इंद्रवज्र दिसत होते. कॅमेरा हातात होता. खालचे धुके कडेकडेने विरू लागले होते. मी एकदा वाटाड्याकडे पाहिले. तो माझ्याकडे पाहत नव्हता. दरीकडे पाहत होता. मी बारावे छायाचित्र काढले. पुढच्या काही क्षणांत उन्हाने धुके उसवले आणि इंद्रवज्र नाहीसे झाले.

उतरताना ऊन लखलखीत होते. तीन दिवस ज्याची वाट पाहिली, ते ऊन आता भरपूर पडले होते आणि माझ्या कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. वाटेत आम्ही फारसे बोललो नाही. मी मनाशी वाक्ये जुळवीत होतो. ‘आजी, पुढच्या खेपेला नक्की’, असे काहीतरी. परंतु आम्ही घरासमोर आलो आणि माझी सगळी वाक्ये गळून पडली.

आजी उंबऱ्याशी पाटावर बसल्या होत्या. हिरवेगार नवे लुगडे नेसल्या होत्या. केसांना तेल लावून ते चापून बसवले होते, कपाळावर ठळक गोंदण दिसत होते आणि दोन्ही हात मांडीवर नीट ठेवलेले होते. शेजारच्या दोन बायका त्यांचा फोटो निघताना पाहण्यासाठी येऊन उभ्या होत्या. सकाळपासून आजी तशाच बसून होत्या, असे त्यांतील एकीने सांगितले.

मी काय केले असेल? सांगायला आजही जीभ अडखळते. मी कॅमेरा काढला, डोळ्याला लावला आणि रिकाम्या कॅमेऱ्याचा खटका दाबला. खट् असा आवाज झाला. “निघाला का?” आजींनी विचारले. “निघाला,” मी म्हणालो.

वाटाड्या मला खुबी फाट्यापर्यंत पोहोचवायला आला. एस. टी. येईपर्यंत तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून होता. मी त्याला ठरल्याप्रमाणे पैसे दिले. ते घेऊन त्याने कमरेला खोचले आणि एवढेच म्हणाला, “सांभाळून जा, गुरुजी.” त्याने एखादा कठोर शब्द उच्चारला असता, तर मला बरे वाटले असते.

आठ दिवसांनी आमच्या गावच्या छायाचित्रकार काकांनी रोल धुऊन दिला. अकरा चित्रांत धुके होते. बारावा कागद तर जवळजवळ कोराच होता. खालच्या बाजूला एक पुसट राखाडी डाग, बस्स! काकांनी तो उजेडाला धरला व विचारले, “काटा कशावर होता?” मला चटकन आठवले. तीन दिवसांच्या मळभात काटा ढगाच्या चिन्हावर होता आणि चौथ्या दिवशी लख्ख उन्हातही मी तो तसाच ठेवला होता. हवा बदलली होती, पण ते पाहायला मला सवड नव्हती. काका पुढे म्हणाले, “आणि मास्तर, तुम्ही फिल्म काळीपांढरी घातलीत. काटा बरोबर असता, तरी सात रंग आले कोठून असते?”

ही साधी गोष्ट मलाही माहीत होती. तरीही ज्या फिल्मवर रंग उमटणेच शक्य नव्हते, तिच्यावर मी रंग टिपायला गेलो; आणि जिच्यावर आजींचा सुरकुतलेला, हसरा चेहरा सुरेख उमटला असता, ती फिल्म त्यापायी वाया घालवली.

रात्री मी पत्र लिहायला बसलो. ‘आपले छायाचित्र धुलाईत खराब झाले,’ असे वाक्य लिहिले आणि थांबलो. सकाळी मी वर्गातल्या एका मुलाला गृहपाठाची वही घरी राहिली असे खोटे सांगितल्याबद्दल उभे केले होते. त्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मी पत्र फाडून टाकले.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा खिरेश्वरला गेलो. पाऊस सरला होता, आभाळ निळेभोर होते आणि खाचरांत भात पिवळे पडले होते. आजी अंगणात वरईचे दाणे पाखडीत होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, “आजी, त्या दिवशी माझ्या कॅमेऱ्यात फिल्म उरली नव्हती. तुमच्यासाठी ठेवलेली मी गडावर वापरून टाकली आणि तुमच्यापुढे खोटाच खटका दाबला.”

आजींचे सूप थांबले. त्या म्हणाल्या, “मला ठावं हाय.”

“वाटाड्याने सांगितले?”

“त्यो कशाला सांगतोय? शाळंत पोरगं पाटी लपिवतं तवा त्याचं त्वांड कसं हुतं, ते तुला ठावं असंल, मास्तर. तसं तुझं झालं हुतं.” मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, “मी मुंबईला सांगावा धाडला हुता, फोटू येतोय म्हनून. त्यो दोनदा इचारून ऱ्हायला.”

मी मान खाली घातली. आजींनी सूप बाजूला ठेवले, पदराने हात पुसले आणि विचारले, “आज हाय का त्यात?”

“आहे आजी. नवा रोल आहे. अजून एकही काढलेले नाही.”

“मग थांब,” म्हणून त्या आत गेल्या आणि तेच हिरवे लुगडे नेसून आल्या. मी काटा सूर्याच्या चिन्हावर आहे की नाही, ते दोनदा पाहिले. रोलवरचे पहिले छायाचित्र आजींचे निघाले. त्याच्या दोन प्रती मी करवून घेतल्या. एक मुंबईच्या पत्त्यावर धाडली आणि दुसरी खिरेश्वरला. पुढे कितीतरी वर्षांनी गेलो, तेव्हा ती प्रत चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेली मी पाहिली.

त्यानंतर अनेक पावसाळे गेले. हवामान सांगण्याचे शास्त्रही पुष्कळ पुढे गेले. १८७५ साली स्थापन झालेल्या आपल्या हवामान खात्याकडे आज उपग्रह आहेत, रडार आहेत, आणि पाऊस कोणत्या जिल्ह्यात केव्हा येणार, याचा अंदाज घरबसल्या कळतो. मी तो पाहिल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. तरीही एका विशिष्ट कड्याखाली एका विशिष्ट सकाळी धुके बसेल की नाही, हे ठरवणारा वारा अजून स्वतःच्याच मर्जीने वाहतो. मी हरिश्चंद्रगडावर पुढे अनेकदा गेलो. इंद्रवज्र मात्र मला पुन्हा दिसले नाही. त्याचे आता वाईट वाटत नाही.

माझ्या संग्रहाच्या पहिल्या पानावर दोन छायाचित्रे शेजारी शेजारी चिकटवलेली आहेत. एक आजींचे आणि दुसरा तो जवळजवळ कोरा कागद. माझे विद्यार्थी घरी आले की त्या कागदाकडे पाहून विचारतात, “सर, हे कशाचे छायाचित्र आहे?” मी त्यांना ही सारी हकीकत सांगतो. नवा रोल भरल्यावर, ज्याला शब्द दिला असेल त्याचे छायाचित्र पहिल्यांदा काढायचे आणि मग डोंगराकडे वळायचे, हा नियम मी त्या दिवाळीपासून पाळला. आता रोल उरले नाहीत. नियम मात्र तसाच ठेवला आहे.